पिकअप घ्यावी, की घरची गाडी बदलावी? नाशिक जिल्ह्यातील नवख्या खरेदीदारांसाठी मार्गदर्शन

टोमॅटोला बरा भाव मिळाला, द्राक्षाचे पैसे हातात आले किंवा उन्हाळ कांद्याची चाळ चांगल्या दरात रिकामी झाली, की नाशिक जिल्ह्यातील अनेक घरांत पिकअप घेण्याचा विषय निघतो. चर्चा बहुधा कोणत्या कंपनीची गाडी घ्यायची येथून सुरू होते आणि शोरूममधील कोटेशनवर येऊन थांबते. त्याआधीचा प्रश्न मात्र राहून जातो, आणि तो असा, की येणारी पिकअप घरातल्या कोणत्या वाहनाचे काम करणार आहे. ती दारातल्या कारची जागा घेणार आहे, ट्रॅक्टर-ट्रॉलीची घेणार आहे, की आजवर फोन करून बोलावल्या जाणाऱ्या भाड्याच्या गाडीची? माझ्या मते बहुतेक शेतकरी कुटुंबांत ती भाड्याच्या गाडीचीच जागा घेते. त्यामुळे तुलना भाड्याशी करावी लागते आणि कार विकण्याचा विचार अगदी शेवटी करावा लागतो. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: वर्षभराच्या भरलेल्या फेऱ्या लिहून काढणे

एक वही घ्यावी आणि मागील बारा महिन्यांत माल भरून किती फेऱ्या झाल्या, हे महिन्यानुसार लिहावे. अंदाज करू नये. बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या, पॅकहाउसच्या पावत्या आणि भाडेवाल्याला फोनवरून पाठवलेले पैसे यांवरून नोंदी काढाव्यात. प्रत्येक फेरीपुढे चार गोष्टी असाव्यात: माल कोणता, वजन किती, अंतर किती आणि भाडे किती दिले. खत, औषधे, ठिबकच्या नळ्या, बांबू-तार अशा येताना आणलेल्या मालाची नोंदही तेथेच करावी, कारण परतीच्या रिकाम्या फेरीत हा माल आला असेल तर त्याचे वेगळे भाडे वाचलेले असते.

ही नोंद पूर्ण झाली, की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. शेतमालाची वाहतूक वर्षभर सारखी नसते. टोमॅटो साधारण ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत पिंपळगाव बसवंतच्या आवारात जातो, द्राक्षाची काढणी जानेवारी ते एप्रिल चालते, आणि उन्हाळ कांदा चाळीत साठवून भाव पाहून लासलगाव, पिंपळगाव, चांदवड किंवा उमराण्याला नेला जातो. यांपैकी एकच पीक असलेल्या घरी पिकअप चार महिने धावते आणि आठ महिने शेडमध्ये उभी राहते. हप्ता आणि विमा मात्र बाराही महिन्यांचे भरावे लागतात. ज्यांच्याकडे दोन-तीन पिके वेगवेगळ्या हंगामांत येतात, किंवा भाजीपाला रोज नाशिकच्या मार्केट यार्डात जातो, त्यांचे गणित मुळातच वेगळे असते.

शहरात राहणाऱ्या व्यावसायिकांनीही हीच वही करावी. केटरिंग, रोपवाटिका, हार्डवेअर, फर्निचर किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवण्याचा व्यवसाय असेल, तर फेऱ्या लहान असतात पण रोज असतात, आणि रोजच्या लहान फेऱ्यांना पिकअपपेक्षा 'छोटा हत्ती' वर्गातील मिनी ट्रक अधिक सोयीचा ठरतो.

दुसरी पायरी: वजनाचा हिशोब

जाहिरातीतील आकडा आणि आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) आकडा यांत गल्लत होऊ देऊ नये. आरसीवर गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक म्हणजे कायद्याने भरता येणारा भार. हौद्याला वरून लोखंडी पिंजरा, टपावर कॅरिअर किंवा जाड पत्र्याचा तळ बसवला असेल तर त्याचे वजनही या भारातूनच जाते. जुनी गाडी पाहायला गेल्यास ती रिकामी वजनकाट्यावर उभी करून पावती घ्यावी. काही गाड्यांच्या बाबतीत ही पावती आरसीपेक्षा बरेच अधिक वजन दाखवते.

आता हे मालात बदलून पाहू. टोमॅटोची एक जाळी वीस किलोची धरतात. जाळीचे स्वतःचे वजन मिळवून ती सुमारे २२ किलो होते. म्हणजे १,७०० किलो भाराच्या पिकअपमध्ये ७७ जाळ्या बसतात, आणि हजार किलोच्या गाडीत ४५. हंगामात पिंपळगावच्या रस्त्याला संध्याकाळी उभे राहिल्यास शंभराहून अधिक जाळ्या रचलेल्या पिकअप सर्रास दिसतात, फाळक्याच्या वरपर्यंत चढवलेल्या थरांवर दोर आवळलेला असतो आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) सपाट झालेले असतात. ते पाहून आपला हिशोब मांडू नये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तेथेच उतरवून घेण्याची तरतूद आहे. रस्त्याच्या कडेला उतरवलेल्या टोमॅटोचे नुकसान दंडापेक्षा मोठे असू शकते. ब्रेक, क्लच आणि मागचे टायर यांची झीज हा तिसरा खर्च. तो पावतीवर दिसत नाही, पण दोन वर्षांत गॅरेजवाल्याच्या बिलात पुरता उतरतो.

कांद्याची बाजू याहून निराळी आहे. मोकळा कांदा ट्रॉलीत भरून नेला, तर एका ट्रॉलीत पिकअपच्या जवळपास दुप्पट माल जातो. लिलाव गाडीवरच होतो, मग वजन आणि नंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी रिकामी होते. त्यामुळे कांद्याला वाहन मोठे असलेले बरे. ज्यांचे मुख्य पीक कांदा आहे आणि ट्रॅक्टर-ट्रॉली दारात आहे, त्यांनी 'ट्रॅक्टरला वेळ फार लागतो' एवढ्या एका कारणावरून पिकअपकडे वळू नये. बाजार वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तर ट्रॉलीची एक फेरी पिकअपच्या दोन फेऱ्यांपेक्षा स्वस्त पडते. अंतर वाढले, किंवा माल थेट वाशीच्या बाजारात न्यायचा असला, की ट्रॉलीचा प्रश्नच उरत नाही.

द्राक्षाला तर वजनापेक्षा धक्के महत्त्वाचे. पिकअपचे पाटे पूर्ण भारासाठी बनवलेले असतात, त्यामुळे अर्धवट भरलेली गाडी शिवाररस्त्यावर उसळते आणि कॅरेटमधील घडांचे मणी सुटतात. बागेपासून पॅकहाउसपर्यंत लहान लहान खेपा कराव्या लागत असतील, तर मोठ्या पिकअपपेक्षा लहान गाडी पूर्ण भरून नेणे मालाच्या दृष्टीने चांगले.

तिसरी पायरी: भाडे आणि मालकी यांची तुलना

येथे थोडा वेळ द्यावा, कारण निर्णयाचा खरा आधार हाच आहे. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत; त्यांच्या जागी आपल्या गावचे भाडे, आपल्या बँकेचा व्याजदर आणि आपल्या कोटेशनमधील किंमत घालावी.

समजा, पिकअपची ऑन-रोड किंमत १०,५०,००० रुपये आहे आणि पाच वर्षांनी ती ५,५०,००० रुपयांना विकली जाईल. म्हणजे दरवर्षी एक लाख रुपये घसारा. कर्ज आठ लाख, व्याज साडेदहा टक्के, मुदत पाच वर्षे असेल तर हप्ता सुमारे १७,२०० रुपये येतो आणि वर्षाला सरासरी ४६,००० रुपये व्याज पडते. स्वतःचे घातलेले अडीच लाख ठेवीत राहिले असते तर त्यावर सुमारे १७,००० रुपये मिळाले असते, तेही धरावेत. विमा ३२,००० आणि फिटनेस, पीयूसी वगैरे ५,००० रुपये. अशा रीतीने गाडी एक किलोमीटरही न धावता वर्षाला दोन लाख रुपये खर्च होतो.

धावण्याचा खर्च वेगळा. भरलेली गाडी एका लिटरला १२ किलोमीटर देते असे मानले, तर डिझेल, टायर, ऑइल आणि ब्रेक मिळून किलोमीटरला साधारण दहा रुपये होतात. जाऊन-येऊन ७० किलोमीटरच्या फेरीला ७०० रुपये, आणि चालक बाहेरचा असेल तर त्याचे ५०० रुपये, असे एकूण १,२०० रुपये. त्याच फेरीचे बाहेरचे भाडे २,२०० रुपये असेल तर एका फेरीमागे हजार रुपये वाचतात. वर्षाचे दोन लाख भरून निघण्यासाठी दोनशे फेऱ्या लागतात. घरचाच माणूस चालवणार असेल तर फेरीमागे दीड हजार वाचतात आणि हा आकडा १३३ वर येतो.

आता आपल्या वहीकडे वळावे. तीन एकर टोमॅटोतून साडेतीन हजार जाळ्या निघाल्या तर ४५-४६ फेऱ्या होतात. चार एकर कांदा, एकरी शंभर क्विंटल धरला, तर सतरा क्विंटलच्या २४ फेऱ्या. एकूण सत्तर. म्हणजे सात एकरांचे हे चांगले चाललेले शेत नव्या पिकअपचा निम्मा खर्चही स्वतःच्या मालावर जेमतेमच भरून काढते. उरलेल्या फेऱ्या शेजाऱ्यांचा माल भाड्याने नेऊन भरता येतील का, हे मग पाहावे लागते. त्यात अडचण अशी, की आपला माल आणि शेजाऱ्याचा माल एकाच आठवड्यात तयार होतो. ज्या दिवशी भाडे मिळते, त्याच दिवशी आपलीही गाडी भरायची असते.

हिशोबात न मावणारा एक भाग आहे, आणि तो नाकारता येत नाही. पाऊस उघडल्यावर सगळ्यांचा तोडा एकदम येतो, तेव्हा भाड्याची गाडी मिळत नाही, मिळाली तर उशिरा मिळते, आणि दुसऱ्या दिवशी जाळीमागे भाव उतरलेला असतो. हे वर्षातून किती वेळा घडले आणि प्रत्येक वेळी किती रुपये बुडाले, तेही वहीत लिहावे. 'हाताशी गाडी असलेली बरी' या वाक्याला रुपयांत किंमत दिल्याशिवाय ते हिशोबात घेऊ नये. ती किंमत वर्षाला चाळीस-पन्नास हजारांवर जात असेल तर पारडे खरोखरच बदलते.

वापरलेल्या गाडीचे गणित याच रीतीने करून पाहावे. पाच लाखांच्या जुन्या पिकअपचा घसारा वर्षाला साठ हजार, व्याज पस्तीस हजार, विमा पंचवीस हजार आणि अचानकच्या दुरुस्तीसाठी दहा हजार धरले तर स्थिर खर्च १,३०,००० होतो. किलोमीटरला बारा रुपये खर्च मानून आणि गाडी स्वतः चालवून फेरीमागे १,३६० रुपये वाचतात. म्हणजे ९६ फेऱ्यांत खर्च निघतो. सत्तर फेऱ्यांच्या घराला हा आकडा आवाक्यातला आहे. भाऊबंदांत दोन घरे मिळून एक गाडी घेत असतील तर तो सहज पार होतो. मात्र कोणी कोणत्या दिवशी गाडी घ्यायची आणि दुरुस्तीचे पैसे कसे वाटायचे, हे आधी कागदावर लिहिलेले असावे.

चौथी पायरी: भर घालायची की बदल करायचा

फेऱ्यांचा आकडा मालकीच्या बाजूने आला, तरच ही पायरी चढावी. येथे घरच्या कारचा विचार येतो.

कार विकून डबल केबिन पिकअप घ्यावी, म्हणजे माणसे आणि माल दोन्ही एकाच गाडीत जातील, ही कल्पना ऐकायला फार सोयीची आहे. तिच्या तीन अडचणी आहेत. मागच्या आसनांची जागा हौद्यातून जाते आणि भार बहुधा हजार किलोच्या आसपास राहतो. वरील उदाहरणातील साडेतीन हजार जाळ्यांना मग ४६ ऐवजी ७८ फेऱ्या लागतात, आणि वाचवलेला पैसा डिझेलमध्ये जातो. दुसरे, प्रवासी गाड्यांमध्ये पुढील दोन्ही आसनांना एअरबॅग सक्तीच्या झाल्या आहेत. मालवाहू वर्गातील गाड्या त्या नियमात येत नाहीत. बाळंतिणीला किंवा वृद्ध आई-वडिलांना रात्री नाशिकच्या दवाखान्यात न्यायची जी गाडी, तिची निवड करताना ही बाब मला दुय्यम वाटत नाही. तिसरे, रिकामी पिकअप मागून हलकी असते. पावसाळ्यात वणीहून सप्तशृंग गडाच्या घाटात किंवा कसाऱ्याच्या उतारावर ओल्या रस्त्यात जोराचा ब्रेक मारला, तर मागची चाके लवकर घसरतात. तीच गाडी भरलेली असताना स्थिर वाटते, म्हणून हा धोका चाचणीच्या फेरीत लक्षात येत नाही.

यावरून माझा सल्ला असा आहे. घरात कार एकच असेल आणि ती आठवड्यातून तीन-चार दिवस माणसांसाठी निघत असेल, तर ती ठेवावी आणि पिकअपची भर घालावी; दोन्ही परवडत नसतील तर पिकअप जुनी घ्यावी किंवा भाड्यावर राहावे. घरात दोन कार असून त्यांपैकी एक नुसती दारात उभी असेल, तर तिच्या जागी पिकअप आणणे हा खरा बदल ठरतो, कारण तिचा विमा, तिची सर्व्हिसिंग आणि तिची जागा मोकळी होते. आणि शहरातील व्यावसायिक जर आज प्रवासी व्हॅनची मागची आसने काढून माल नेत असेल, तर त्याने विनाविलंब बदल करावा. तशी वाहतूक नियमाला धरून नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हात झटकायला तेवढे कारण पुरते.

इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या पिकअप वेगळ्या वर्गातल्या आहेत. त्या खासगी वापरासाठी पांढऱ्या पाटीवर नोंदवता येतात, आरामदायी आहेत आणि चढावर उत्तम चालतात. त्यांची किंमत वीस लाखांच्या पुढे जाते आणि लांबी सव्वापाच मीटरहून अधिक आहे. कॉलेज रोडच्या पार्किंगमध्ये किंवा पंचवटीतील जुन्या गल्लीत ही लांबी रोज आठवण करून देते. हौस म्हणून अशी गाडी घेण्यास हरकत नाही, परंतु जाळ्यांच्या हिशोबात तिला बसवू नये.

शहरातील खरेदीदारांनी आणखी एक चौकशी करावी. अनेक गृहनिर्माण सोसायट्या पिवळ्या पाटीची गाडी रात्री आवारात लावू देत नाहीत. सोसायटीच्या सचिवांना आधी विचारावे. बाहेर भाड्याने जागा घ्यावी लागली तर तिचे पैसे स्थिर खर्चात धरावेत.

पाचवी पायरी: नोंदणी, परमिट आणि लायसन्स

नेहमीची पिकअप मालवाहू म्हणून नोंदवली जाते आणि तिला पिवळी पाटी मिळते. नाशिकचे आरटीओ कार्यालय पेठ रोडला असून तेथील क्रमांक एमएच-१५ ने सुरू होतात; मालेगाव कार्यालयाचे एमएच-४१ ने. नव्या मालवाहू गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र पहिल्यांदा दोन वर्षांचे असते, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. आठ वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण करही लागू होतो. जुनी गाडी घेताना सात वर्षांची आणि नऊ वर्षांची यांच्या किमतीतील फरक या खर्चांसह तपासावा.

परमिटबाबत मोठा गैरसमज आढळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. मिनी ट्रक या मर्यादेत येतात. मोठ्या पिकअप बहुधा तिच्या वर जातात. त्यामुळे दोन मॉडेल्समध्ये निवड करताना आरसीवर येणारे एकूण वजन विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. परमिट आवश्यक असताना ते न घेता गाडी चालवल्यास पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

लायसन्सची चिंता मात्र आता राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकते. कारचे लायसन्स असलेला घरचा मुलगा पिकअप चालवू शकतो.

करांचा भाग थोडक्यात. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांसाठी किमतीच्या सात टक्के एकरकमी कर ठरवला. कोटेशनमध्ये तो स्वतंत्र दाखवून घ्यावा. मालवाहू वाहनांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळू शकते, जी साध्या कारवर मिळत नाही; लाख-दीड लाखांचा हा फरक निर्णय फिरवू शकतो, म्हणून बुकिंगपूर्वी आपल्या कर सल्लागाराशी बोलावे आणि बिल व्यवसायाच्या नावाने घ्यावे. टोलच्या बाबतीत उलट आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास केवळ खासगी कार, जीप आणि व्हॅन यांना मिळतो. पिवळ्या पाटीच्या पिकअपला प्रत्येक नाक्यावर वेगळा टोल द्यावा लागतो.

सहावी पायरी: विमा नीट वाचणे

मालवाहू गाडीची पॉलिसी दोन प्रकारची असते. एकीत गाडी फक्त मालकाचा स्वतःचा माल नेते, दुसरीत भाड्याने इतरांचा माल नेता येतो. पहिलीचा हप्ता कमी असल्याने ती घेतली जाते आणि पुढे हंगामात शेजाऱ्याचे भाडे मारले जाते. त्या फेरीत अपघात झाला तर दावा अडचणीत येतो. वर्षातून दहाच भाडी मारायची असली तरी दुसऱ्या प्रकारची पॉलिसी घ्यावी.

याहून गंभीर बाब मजुरांची आहे. दिंडोरी आणि निफाडच्या बागांवर छाटणी, विरळणी आणि काढणीसाठी पेठ व सुरगाण्याकडून मजूर येतात, आणि त्यांना पहाटे हौद्यात उभे करून आणण्याची पद्धत रूढ झाली आहे. चैत्रात गडाच्या यात्रेलाही लोक असेच जातात. मालवाहू गाडीच्या हौद्यात प्रवासी नेणे बेकायदा आहे. मालासोबत चाललेला मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण मिळते. फुकट बसवलेल्या प्रवाशांना ते मिळत नाही, आणि भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या जमिनीपर्यंत येऊ शकतो. पिकअप घेण्याच्या कारणांत 'मजूर आणायला बरी पडेल' हे कारण असेल, तर ते वहीतून खोडावे आणि मजुरांसाठी प्रवासी परवान्याची गाडी ठरवावी. चढ-उतार करणारे हमाल आणि पगारी चालक यांच्यासाठी थोड्या जादा हप्त्यात स्वतंत्र संरक्षण मिळते. ते अवश्य घ्यावे.

सातवी पायरी: गाडी पाहणे

नवी गाडी असेल तर रिकामी चालवून पाहण्यात फारसा अर्थ नाही. शोरूमला भार घालून चाचणी मागावी. ते शक्य नसेल तर तेच मॉडेल वापरणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्यासोबत भरलेल्या गाडीत एक फेरी करावी. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कशी ओढते, वळणावर किती कलते आणि फाळका एकट्या माणसाला उघडता येतो का, हे तेथेच कळते. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच धावणार असेल तर बीएस-६ डिझेलचा विचार पुन्हा करावा, कारण इंजिन पुरेसे तापले नाही तर धुराच्या मार्गातील फिल्टर काजळीने भरतो आणि दिवा लागतो. शहरातील लहान फेऱ्यांना सीएनजी अधिक योग्य.

जुनी गाडी पाहताना सुरुवात खालून करावी. चॅसीवर वेल्डिंगचे जोड आहेत का, मागच्या पाट्यांत कंपनीने दिल्यापेक्षा एखादा जादा पाटा घातला आहे का, हे आधी पाहावे. जादा पाटा म्हणजे गाडीने सातत्याने जादा भार ओढल्याची खूण. मग हौद्याच्या तळाचा रबर किंवा फळी उचलून पाहावी. युरिया, शेणखत आणि ओला कांदा यांमुळे पत्रा आतून सडतो, आणि वरून मारलेला नवा रंग तो झाकतो. टायरवर रिमोल्डचा (झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवल्याचा) जोड दिसतो का, डिफरन्शिअलमधून गुणगुण येते का आणि थंड इंजिन पहिल्या दमात सुरू होते का, हे तपासावे. गाडी सकाळी, मालकाने ती सुरू करण्याआधी पाहायला जावे.

कागदांसाठी परिवहन विभागाच्या पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून फिटनेस, विमा, कर, बँकेचा बोजा आणि थकीत ई-चलन पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का, हेही पाहावे. बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय बयाण्यापलीकडे रक्कम देऊ नये.

आठवी पायरी: जुने वाहन देणे

बदलाचा निर्णय झाला असेल तर जुनी कार शोरूमला एक्स्चेंजमध्ये द्यायची की बाहेर विकायची, हे दोन्हीकडचे भाव लेखी घेऊन ठरवावे. एक्स्चेंज बोनस म्हणून दाखवलेली रक्कम काही वेळा कारच्या मूळ किमतीतूनच वळती केलेली असते, म्हणून 'बोनससह हातात एकूण किती' एवढाच आकडा विचारावा. नवी पिकअप आल्यावर आणि तिने निदान महिनाभर काम केल्यावर कार विकणे अधिक शहाणपणाचे, कारण माणसांच्या फेऱ्या खरोखर किती आहेत हे त्या महिन्यात स्पष्ट होते.

विक्रीच्या दिवशी नमुना २९ आणि ३० (मालकी बदलाचे अर्ज) यांवर सह्या, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि तारीख-वेळेसह ताबा पावती करावी. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. घेणाऱ्यावर हे काम सोपवून निर्धास्त होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीने मालक मानला जातो. कारचा फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, विमा कंपनीला विक्रीची सूचना द्यावी आणि आठवड्यातून एकदा पोर्टलवर क्रमांक टाकून नाव बदलले का ते पाहत राहावे. दलालामार्फत व्यवहार झाला असेल तर ठरलेल्या रकमेखेरीज दहा-पंधरा हजार रुपये नाव बदलेपर्यंत घेणाऱ्याकडून अनामत म्हणून ठेवून घ्यावेत आणि नवी आरसी दाखवल्यावर परत करावेत.